मतभेद आढळला नाही

...आणि वर पेटंट ऑफिसवाले मला लिहितात, 'सदर संशोधन त्या क्षेत्रातील कोणत्याही जाणकार माणसास सहज सुचण्यासारखे आहे.' आता मला सांगा, कोण हो हा जाणकार माणूस? राहतो कुठं? त्याचा नंबर तरी द्या मला. मी त्याला घरी बोलावतो, चहा पाजतो, समोर बसवतो आणि विचारतो, बाबा रे, तुला हे एवढं सहज सुचत होतं, तर इतकी वर्षं तू करत काय होतास? तर आमची सायली... सायली म्हणजे पेटंटची कामं करते, माझीच जुनी विद्यार्थिनी, पॉलिटेक्निकला मी कॉम्प्युटर शिकवायचो तेव्हाची... ती म्हणते, "सर, तो माणूस खरा नसतो. कायद्यात नुसतं धरून चालतात, असा एक माणूस आहे म्हणून." घ्या. म्हणजे घरात मी एकटा, आणि माझ्याशी वाद घालायला कोण, तर नसलेला माणूस.

तुम्हाला सांगतो, सॉफ्टवेअर साधं आहे. सहलीचं. घरातली चार माणसं कुठं जायला निघाली, की ज्यानं त्यानं आपापल्या मोबाईलवर सांगायचं, मला हे पाहिजे, मला ते नको, आणि मशीन सगळ्यांचं ऐकून बेत आखून देतं, आधी कुठं, नंतर कुठं, जेवण कुठं, आणि तो बेत थेट गाडीतल्या स्क्रीनवर जातो, ड्रायव्हर त्या रस्त्यानं नेतो. आता तुम्ही म्हणाल, असली ॲपं ढिगानं पडलीत. पडलीत ना. पण त्यातल्या एकाला तरी रुसवा कळतो का? माझ्या मशीनला कळतो. मागच्या खेपेला माघार कुणी घेतली, तोंड फुगवून गाडीत कोण बसलं होतं, हे ते ध्यानात ठेवतं आणि ह्या खेपेला त्याच्याकडं झुकतं. अर्जात सायलीनं ह्याला नाव दिलं 'संचित असमाधान मूल्य'. म्हणलं, अगं, सरळ रुसवा लिही की. म्हणाली, "सर, रुसव्याला पेटंट मिळत नाही."

हे मला सुचलं कुठून? कुठून म्हणजे काय, घरातून. आमचं सिडकोतलं घर, आम्ही चौघं. मी, आमची ही द्वारका, मुलगा ऋतुराज, मुलगी संस्कृती. रविवारी वेरूळला जायचं म्हणलं की शनिवारपासून जुंपलेली. ही म्हणणार, आधी घृष्णेश्वर, गर्दीच्या आत दर्शन. मी म्हणणार, आधी लेणी, ऊन चढायच्या आत कैलास बघून घेऊ. ऋतुराजला दौलताबादचा किल्ला चढायचा, आणि संस्कृतीला वेरूळला यायचंच नसायचं, तिला गुलमंडीवर ड्रेसचं कापड घ्यायचं. एकदा तर चपला घालून दारातच असं पेटलं, असं पेटलं, की शेवटी कुणीच कुठं गेलं नाही, डबे तिथंच उघडले आणि पायऱ्यांवर बसून पुऱ्या खाल्ल्या. लई भारी दिवस होता तो. तेव्हा मात्र वाटायचं, देवा, ही कटकट मिटवणारं एखादं मशीन निघू दे.

निघालं ना! रिटायर झाल्यावर मीच काढलं. पण मशीन तयार होईस्तोवर कटकट करणारी माणसं पांगली. ऋतुराज बंगळुरूला, संस्कृती लग्न करून पुण्याला, आणि तिच्या बाळंतपणाला ही गेली ती गेलीच. बाळंतपण झालं, बारसं झालं, बाळाला दात आले, बाळ चालायला लागलं, ही तिथंच. संस्कृतीची नोकरी, जावयांची नोकरी, मग बाळाला बघणार कोण? बरोबरच आहे त्यांचं. मी कुठं काय म्हणतोय?

तर आक्षेप. पहिला, नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला आपल्याकडं पेटंट नाही. त्याला सायलीनं उत्तर दिलं, की हे गाडीचा रस्ता बदलतं, नुसतं प्रोग्रामचं काम नाही, वगैरे वगैरे, मला निम्मं कळलं नाही पण ऐकायला बरं वाटलं. दुसरा तो जाणकार. आणि तिसरा म्हणजे, असलं यंत्र अमेरिकेत एकानं आधीच काढलंय. मी वाचलं ते सगळं. काय काढलंय त्यानं? तर एकट्या प्रवाशाची आवडनिवड विचारून बेत आखणारं यंत्र. एकट्या! अहो, एकट्या माणसाला बेत कशाला पाहिजे? कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, निघाला. आधी इकडं गेला काय न् तिकडं गेला काय, विचारतंय कोण?

सायली म्हणाली, "सर, इथंच आपण जिंकतो. त्यांचं एकट्यासाठी आहे, आपलं दोघांपासून पुढं, जिथं मतभेद असतो तिथं. फक्त सुनावणीला चालवून दाखवायचं. अर्ज तपासणाऱ्या मॅडम व्हिडिओवर असतील. खरी दोन माणसं, खरा मतभेद, आणि बेत तयार. ते जमलं तर पेटंट, नाही जमलं तर अर्ज फेटाळणार." म्हणलं, एवढंच ना? आमच्या घराण्यात मतभेदाला काय तोटा आहे?

लावला पुण्याला फोन. म्हणलं, द्वारका, वेरूळला जायचं धर, आधी काय? मागून बाळ रडतंय, कुकरची शिट्टी, आणि ही म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." मला वाटलं, ऐकू आलं नसंल. परत विचारलं. "अहो, तुम्ही म्हणाल तसं." टाकलं मशीनमध्ये. मशीन गरगर फिरलं, फिरलं, आणि स्क्रीनवर आलं, 'मतभेद आढळला नाही.' पुढं काही नाही. बेत नाही, रस्ता नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. कपाळावर हात मारला मी. घोळ माझाच होता. सगळ्यांचं पटलं तर काय करायचं, हे मी मशीनमध्ये लिहिलंच नव्हतं. सुचलंच नाही हो. आमच्या घरात तसं कधी झालंच नव्हतं, तर सुचणार कुठून? आणि आता दुरुस्त करावं, तर सायली म्हणते, अर्जात जसं लिहिलंय तसंच दाखवायचं, नवीन काही घुसडता येत नाही.

ठीक आहे. ऋतुराज. "बाबा, मीटिंगमध्ये आहे, तुम्ही ठरवा ना." अरे पण किल्ला? "बाबा, बसून बसून गुडघे गेलेत माझे, किल्ला कुठला? तुम्ही म्हणाल तसं." संस्कृती. "बाबा, कपडे ऑनलाइन मागवते मी, गुलमंडी कशाला आता? तुम्ही म्हणाल तसं जाऊ." म्हणलं, कधी जाऊ? म्हणाली, "बघू ना." आता ह्या 'बघू ना'ला मशीनमध्ये रकानाच नाही.

मग मला आठवला कडुबा. कडुबा म्हणजे हिचा भाऊ, फुलंब्रीकडं शेती करतो. ह्या माणसानं जन्मात कुणाला हो म्हणलेलं नाही. माझ्या लग्नात मांडवाचं तोंड कुणीकडं ठेवायचं ह्यावर मुहूर्त टळायची वेळ आणली होती त्यानं. म्हणलं, हा हुकमी. फोन लावला, कडुबा, वेरूळ आधी का अजिंठा? "दाजी, कवा निघायचं तेवढं सांगा." तसं नाय, तुला काय वाटतं? "मला काय वाटायचंय? तुम्ही म्हणाल तसं." अरे, तूच ना म्हणायचास, दगडं बघायला एवढं लांब कशाला जायचं म्हणून? "व्हय, म्हणायचो. पर आता बीपी हाय ना दाजी. डाक्टरनं सांगितलंय, कुणासंगं वाद घालायचा नाय." बघा, डॉक्टरनं गोळ्या देऊन माणसातला माणूसच काढून घेतला.

तुम्हाला खोटं वाटंल, मी रिक्षावाल्याला विचारलं. रोज सिडको नाक्यावर उभा असतो तो. म्हणलं, भाई, बताओ, पहले खुलताबाद या पहले वेरूळ? त्यानं आरशातून बघितलं माझ्याकडं. "चचा, तुम बोले वैसा. किराया तो तुमकोच देना है ना." गेलो घरी.

शेवटी काय केलं माहितीय? हिचा जुना मोबाईल कपाटात पडला होता, तो चार्ज केला. एका हातात माझा, एका हातात हिचा. ह्याच्यावर मी टाकलं, आधी लेणी. तिच्या मोबाईलवर तिच्यासारखं टाकायला गेलो, नाही, आधी घृष्णेश्वर, तुमचं नेहमीचंच आहे... आणि तेवढं लिहिलं न् माझाच जीव वरखाली झाला, म्हणलं, बरं बाई, तू म्हणशील तसं, आणि माझ्या मोबाईलवर लेणी खोडून घृष्णेश्वर लिहिलं. मतभेद आढळला नाही. सायलीला सांगितलं तर तिनं ते मला परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "सर, खोटा माणूस नको हं सुनावणीत." खोटा कुठला, चाळीस वर्षं झाली लग्नाला.

आली सुनावणी. इस्त्रीचा शर्ट घातला, खाली पायजमाच, कोण बघतंय. स्क्रीनवर मॅडम, गंभीर चेहरा. एका चौकोनात सायली, एका चौकोनात पुण्याहून द्वारका, मांडीवर बाळ. मी मनात म्हणलं, आज हिला पेटवायचंच. म्हणलं, द्वारका, आधी लेणी. "चालेल." घृष्णेश्वर रद्द. "चालेल." हादरलो ना मी! घृष्णेश्वर रद्द म्हणल्यावर पूर्वी ही बाई माझ्याशी आठवडाभर बोलली नसती. म्हणलं, श्रावणातला सोमवार असला तरी रद्द. "अहो, तुम्ही म्हणाल तसं, पण लवकर आटपा, बाळाला वरणभात भरवायचाय." आणि स्क्रीनवर, मॅडमच्या देखत, 'मतभेद आढळला नाही.'

तेव्हा मला कळलं बघा. भांडतं कोण? ज्याला सोबत यायचं असतं तो. ज्याच्या पायात चपला आहेत तो. ह्यांच्यातलं कुणी निघालेलंच नव्हतं, मग आधी काय न् नंतर काय, त्यांना काय फरक पडतो? लई वाईट वाटलं मला. मॅडमनी चष्मा काढला. "अर्जदार, यंत्र चालत नाही, असं नोंदवू का?" म्हणलं, मॅडम, यंत्र चालतंय, माणसंच हलंनात.

मॅडमनी चष्मा परत घातला. स्क्रीनकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही मंगळवारी वेरूळ ठेवलंय, बुधवारी अजिंठा. मंगळवारी लेणी बंद असतात." म्हणलं, मॅडम, ती नमुन्याची तारीख आहे. "नमुना असला म्हणून काय झालं? आणि वेरूळ आधी कशाला? अजिंठा आधी करावं. पहाटे निघायचं, फर्दापूरला चहा घ्यायचा, ऊन व्हायच्या आत लेण्यांत." म्हणलं, माफ करा मॅडम, पण अजिंठ्याला जाऊन दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी वेरूळ काय बघणार? "उलट आहे. वेरूळ आधी दाखवलं की लोक अजिंठ्याला टाळाटाळ करतात. सारखीच लेणी, परत कशाला, म्हणतात. आमच्या मिस्टरांनी तेच केलं. अजिंठ्याच्या दारातून परत आले मी." म्हणलं, मिस्टर चुकले, पण तुम्हीही चुकताय! सायलीनं लगेच हात वर केला. "मॅडम, उदाहरणादाखल आपणच दुसऱ्या प्रवासी म्हणून मत नोंदवाल का?" मॅडमनी विचार केला, म्हणाल्या, कामकाजात तशी नोंद करा, आणि टाकलं मत. नवीन प्रवासी म्हणून मशीननं विचारलं, मागच्या खेपेला माघार कुणी घेतली? बाईंनी क्षणभर दम न खाता दाबलं, 'मी.'

आणि मशीन फिरलं! आधी अजिंठा, फर्दापूरला चहा, दुसऱ्या दिवशी वेरूळ, मंगळवार सोडून. मी म्हणलं, हे चूक आहे, माझंच मशीन आणि माझंच ऐकत नाही. मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं. अर्धा तास भांडलो आम्ही. जेवण कुठं, परतीला कोणता रस्ता, सगळ्यावर. सगळ्यात हरलो मी. किती दिवसांनी असं मनासारखं हरलो, काय सांगू. द्वारकाची खिडकी केव्हा बंद झाली, माझ्या लक्षातच आलं नाही.

पेटंट मिळालं. आक्षेप सगळे मागं घेतले. सगळ्यांचे फोन आले, अभिनंदन, अभिनंदन. ही म्हणाली, "छान झालं. जेवलात का?" म्हणलं, आता तरी वेरूळला जाऊ. "जाऊन या ना तुम्ही." झालं बोलणं.

आणि आता पंचाईत अशी झालीय, की रोज सकाळी उठून मी मेल बघायचो, ऑफिसकडून काय आलं, आज कशाला नाही म्हणाले, त्याला उत्तर काय द्यायचं... दिवस जायचा हो त्यात. पेटंट दिल्यावर ते लोक तुम्हाला काही विचारतच नाहीत. मग मी नवीन अर्ज लिहिला. सगळ्यांचं पटलं तर काय करायचं, त्याचं मशीन. सायलीनं वाचला आणि डोक्याला हात लावला. म्हणाली, "सर, ह्यात नवीन काही नाही. हे खरंच कुणालाही सुचंल. ते आक्षेपावर आक्षेप घेतील, वर्षानुवर्षं तुमच्याशी वाद घालत बसतील."

म्हणलं, आजच पाठव.