गेटपासवर लिहिलंय हेल्पर

माझं नाव दर्शना. आमचा कोळीवाडा अलिबागच्या खाली, समुद्राला एवढा लागून की उधाणाला पाणी ओट्याला लागतं, बाबांची होडी हाय, आई मासळी सुकवते आणि बाजारात बसते, आणि मी घरातली पहिली पदवीधर, मेकॅनिकल इंजिनीअरिंग टेक्नॉलॉजी, पदवीचं नाव पूर्ण लिहा दादा, तोडू नका. आणि तुमच्या संघटनेच्या पत्रकात भूमिपुत्रांवर अन्याय असं छापता ना, ते माझ्या बाबतीत नको, मी पुत्र न्हाय आणि आमचं पोट भूमीवर चालत न्हाय. मला कुणाची दया नको. मी केलेल्या कामावर माझं नाव पायजे, एवढंच.

या पदवीत काय शिकवतात ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून सांगते. फळ्यापेक्षा वर्कशॉप जास्त. मशीन उघडायचं, जोडायचं, आणि का बिघडलं ते मोजून सांगायचं. म्हणजे हात काळे आणि वहीपण भरलेली. मला लई आवडलं, आणि आवडलं म्हणूनच शेफारले, ते पण लिहा.

तिसऱ्या वर्षाला पावसाळ्यात घरी आले, होड्या सगळ्या वर ओढून शाकारलेल्या, आमच्या होडीचं इंजीन नवीन बसवायचं होतं. इंजीन आणि पाण्यातल्या पंख्याचा दांडा एका रेषेत लागतो, न्हायतर होडी थरथरते आणि बेअरिंग खाते. मी कॉलेजातनं डायल गेज, म्हणजे बारीक फरक मोजायचं काट्याचं यंत्र, मागून आणला आणि किनाऱ्यावरच, होडी वाळूत उभी असताना, केसभर फरक न ठेवता रेषा जुळवली. बाबा म्हणाले आता आवळू नको, पाण्यात गेली की सुकलेलं लाकूड पाणी पितं, तिचं अंग बदलतं, दोन दिवस बसू दे तिला. मी म्हटलं बाबा, आकडा बघा, आकडा खोटा बोलत न्हाय. आणि आवळलं. पहिल्याच फेरीला होडी अशी थरथरली की जेवणाचे डबे खाली, दांड्याच्या भोकातनं पाणी आत, अर्ध्या वाटेतनं परत. बाबा रागावले न्हायत, अख्ख्या जेट्टीला ऐकू जाईल असं इतकंच म्हणाले, पोरी, तुझ्या पुस्तकातली होडी वाळूत चालते काय गं. वर्षभर मला तेच ऐकवलं सगळ्यांनी.

पण काय सांगू तुम्हाला, पुढचं कुणी ऐकवत न्हाय. मग मी पाण्यात बसलेल्या होडीवर तोच गेज लावला, आणि बाबांना अंदाजानं जुळवायला तीन-चार फेऱ्या लागायच्या ते एका सकाळी झालं. कधी मोजायचं ते बाबांचं, कसं मोजायचं ते माझं. आता सांगा, पदवी फुकट गेली काय?

कंपनीवाले सांगतात फुकट गेली. नाव नका लिहू कंपनीचं, हाय आपली रस्त्याला. इंजिनीअरच्या खिडकीवर गेले तर साहेब म्हणतो तुमचं टेक्नॉलॉजी हाय, आम्हाला इंजिनीअर पायजे. टेक्निशियनच्या खिडकीवर गेले तर म्हणतो आयटीआय आणा, तुम्ही जास्त शिकलेल्या, टिकणार न्हाय. एकाला कमी पडते, दुसऱ्याला जास्त होते, आणि दोघांच्या मधे चार वर्षं शिकलेली बाई उभी हाय ती कुणाला दिसत न्हाय. शेवटी ठेकेदारानं घेतलं. गेटपासवर लिहिलं, हेल्पर. फडकं द्यायचं, पाना द्यायचा, तेल पुसायचं.

तिथं बॉयलरला गरम पाणी देणारा एक पंप होता, त्याचं बेअरिंग सारखं जायचं. आमचे सुपरवायझर कदम दर वेळी पंप बंद करून, थंड झाला की मोटर आणि पंप अगदी सरळ रेषेत जुळवायचे. मी बघितलं आणि मला आमची वाळूतली होडी आठवली, तीच चूक, फक्त इथं लाकूड फुगत न्हाय, लोखंड तापून उठतं. म्हटलं साहेब, थंड असताना मोटर थोडी वर ठेवा, पंप तापला की उठून तिच्या रेषेत येईल. कदम म्हणाले बाई, मासे आणलेस काय डब्यात? सगळे हसले. पण चौथं बेअरिंग गेल्यावर म्हणाले कर बाई तुझं. मी हिशेब मांडला, मोटरखाली पातळ पत्रे घातले, आणि पंप शांत चालायला लागला. रिपोर्ट गेला. काम करणारा, कदम.

मी विचारलं माझं नाव कुठं हाय. म्हणाले हेल्परचं नाव रिपोर्टवर येत न्हाय. म्हटलं मग पास बदला. म्हणाले बघू. हे बघू मी पाच महिने ऐकलं.

मग पंप पुन्हा उघडला, आणि कदमांनी हाक मारली, दर्शना, ये गं, जुळव. मी फडकं घेऊन उभी राहिले. म्हटलं पास वाचा, साहेब, मी हेल्पर, पुसायचं काय असेल ते सांगा. कंपनीचा मोठा इंजिनीअर तिथंच, त्यानं विचारलं मागच्या वेळी कुणी जुळवला होता. कदम पंपाकडं बघायला लागले. मी फडक्याची घडी घालत राहिले, रिपोर्टवर कदमांचं नाव होतं ना. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं पास काढून घेतला, उद्धट म्हणून.

आई अजून म्हणते वाकली असतीस तर काय गेलं असतं. काय गेलं असतं ते मला माहीत हाय, म्हणून वाकले न्हाय.

आता मी जेट्टीवर होड्यांची इंजिनं जुळवते, होडी पाण्यात बसल्यावर, गेज लावून, आणि प्रत्येकाला कागद देते, खाली सही माझी, पदवीसकट. कंपनीची जागा निघाली की दोन्ही खिडक्यांवर अर्ज टाकते. टाकत राहणार. माझ्यासारख्या, ही पदवी घेतलेल्या पोरींनो, सुखी राहा आणि तुमच्या कामाखाली दुसऱ्याची सही चालवून घेऊ नका.

काल कदमांचा फोन आला. पंप थरथरतोय, ये दोन दिवस, आत सोडायची सोय करतो. विचारलं पासवर काय लिहिणार. फोन ठेवला त्यांनी.

फोन येईल परत. पंप काय, रोज तापतो.