सीईओंच्या काकूचा उखाणा

...आणि 'का' विचारायचं नाही! आप्पांनी एकदा सांगितलं की सांगितलं. "पोरींनी थोरल्यांना का म्हणून इचारायचं न्हाई," हा आमच्या घरातला कायदा. तुम्हाला सांगते, देशाच्या घटनेत दुरुस्त्या होतात हो, पण आप्पांच्या कायद्यात नाही! आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते, मालोजीआप्पा. चाकणच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं राहतात. जमीन कारखान्यांना गेली तेव्हापासून शर्ट पांढरा, गाडी पांढरी, केस पांढरे, फक्त अक्कल पांढरी व्हायची राहिली. आणि मी? मी एम.एस्सी. झाले, सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर लोक मला विचारतात, मॅडम, हा पार्ट रिजेक्ट का केला? आणि मी कारण देते. घरी आले की मीच पार्ट! कुणीही उचलावं, कुठंही ठेवावं, पण का विचारायचं नाही.

तर या आप्पांचे चिरंजीव म्हणजे रणजीतदादा. ओळखत नाही? अहो, 'पापणी'चे सीईओ! ते व्हिडिओंचं ॲप नाही का, अंगठा वर सरकवला की पुढचा, सरकवला की पुढचा... 'पापणी मिटू नका' म्हणून जाहिरात येते. तुमच्या फोनमध्ये नाही म्हणता? उगाच नाही म्हणू नका, काचेवर अंगठ्याची घासण दिसतेय.

दादा मोठा कसा झाला, ते सगळ्या मुलाखतींत सांगतो. "मी गुरं राखायचो. एक गाय पुढं गेली की बाकीच्या मागं येतात. तिथं मला माणसं कळली." टाळ्या! अहो, कसली गुरं? दादाला शेणाचा वास आला तरी शिंका यायच्या! गुरं राखली माझ्या आईनं, नवी नवरी असताना, याच आप्पांची. पण मुलाखतीत गाय दादाची, आणि आई... आई कुठंच नाही.

खरं सांगू कसा मोठा झाला? आकुर्डीला इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि स्वारी येऊन उतरली आमच्या थेरगावच्या दोन खोल्यांत. बाबा कंपनीत शिफ्टला. बाहेरची खोली दादाला, कारण अभ्यास. मी आत, डोकं फ्रिजला आणि पाय सिलेंडरला लावून झोपायचे, कारण मुलगी. आई त्याचा डबा करायची, कपडे धुवायची, परीक्षेच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवायची. आणि अभ्यास काय? मांडीवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर कुणीतरी सालीवरून घसरून पडतंय! हा ख्यॅ ख्यॅ हसतोय, पुन्हा मागं घेतोय, तो माणूस पुन्हा पडतोय. आई म्हणायची, "अरे, त्या बिचाऱ्याला लागलं असेल रे." हा म्हणायचा, "काकू, लागलं म्हणून तर बघतात लोक!" झालं. त्याचं पुढचं सगळं करिअर या एका वाक्यात आहे, बाकीचे नुसते पगार.

मग हिंजवडीत, या 'पापणी'च्याच ऑफिसात लागला. तिथं व्हिडिओ संपला की लोक फोन ठेवून घरी जायचे, माणसासारखे. हा म्हणाला, संपूच द्यायचा नाही, एक संपला की दुसरा आपोआप सुरू करा. एवढंच डोकं हो! आमची आजी बोलायला लागली की तिचंही एक संपलं की दुसरं आपोआप सुरू व्हायचं, तिला कुणी बंगळुरूला नेलं नाही. याला नेलं. तिथं यानं 'आवडलं नाही'चं बटण काढून टाकलं. प्रमोशन. मग सर्वांत विषारी कमेंट सर्वांत वर ठेवायला लावली, कारण भांडण लागलं की माणूस हलत नाही. अजून प्रमोशन! मग ज्या साहेबानं याला बंगळुरूला नेलं, त्याच साहेबाची खुर्ची काढून घेतली, निरोपाला केक कापला, आणि साहेबाचे डोळे भरून आले त्याचा व्हिडिओ केला. संगीत घालून. झाला सीईओ!

गावात पेढे. आप्पा म्हणाले, "रक्त हाय आपलं!" मी म्हटलं, हो, दिसतंय. तर बाबांनी माझ्याकडं असं बघितलं... कारण का विचारायचं नाही, आणि टोमणा तर अजिबात मारायचा नाही.

आता ऐका. संक्रांतीला आमच्या सोसायटीत हळदीकुंकू. आईला उखाण्याचा आग्रह. माझी आई, कस्तुरा नवनाथ, आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात घेतलेली बाई! उभी राहिली, लाजली, म्हणाली, "कंपनीचा भोंगा वाजतो सातला, नव... नव... नव..." आणि अडकली. तोंड एका बाजूला सरकलं. हातातलं वाण खाली पडलं. बायका हसायला लागल्या! "अगं बाई, नवऱ्याचं नावच विसरली! पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा!" आणि माझी सख्खी आत्या, सोजरबाई, आप्पांची बहीण, पुढं येऊन मोबाईल धरून हसतेय, "वहिनी, जरा इकडं बघून म्हणा!"

झटका आला होता हो तिला. मेंदूचा. मी कामावरून आले आणि सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी का नाही आणलं? काय सांगणार? बायकांचं हसून व्हायचं होतं!

आणि आत्यानं तोवर टाकलासुद्धा. पापणीवर. 'नवऱ्याचं नाव विसरलेली काकू.' आई सलाईनवर, आणि व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रात! कुणी ढोल लावला, कुणी 'नव नव नव'वर नाच बसवला, नवरे-बायको तोंड वाकडं करून नक्कल करायला लागले. दवाखान्यातून घरी आल्यावर डांगे चौकात भाजीवाला आईला म्हणाला, "या, नव नव काकू, काय देऊ?" त्या दिवसापासून आई बाहेर पडली नाही. डॉक्टर म्हणतात, बोला, भरपूर बोला, बोलाल तरच जीभ सुटेल. आई पदर तोंडाला लावून बसते. माझ्याशीसुद्धा बोलत नाही. तो व्हिडिओ जाईपर्यंत ती तोंड उघडणार नाही, हे मला कळलं. आणि तो काढायचा कुणी? सीईओंनी! घरचेच की!

फोन लावला. "दादा, तो काढ." तर म्हणतो, "तेजू, मी पर्सनली काही काढत नाही गं. प्रोसेस असते. रिपोर्टचं बटण दाब." दाबलं. उत्तर आलं, 'आम्ही तपासले. हा व्हिडिओ आमच्या नियमांत बसतो. पापणी परिवारावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार.' परिवार! आप्पांकडं गेले, तर ते माझ्यावरच खेकसले, "घरचं पोरगं वर चढलंय, आन तू त्याच्याच दुकानाफुडं बोंबलत्येस व्हय? चार लोक हसली तर तिचं काय झिजलं? आमी हाय का न्हाई हितं? गप बस!" आणि वर हे, की गावात दादाचा सत्कार ठरलाय, काकूनं त्याला ओवाळायचं. का? तर तिनं त्याला वाढवलं. म्हणजे तेवढ्यापुरती ती आठवली! "पण पदर नीट घे म्हणावं, तोंड दिसता कामा न्हाई, व्हिडिओ निघणार हायत." पण का विचारायचं नाही!

गेलो. हायवेपासून फ्लेक्स. दादा हाताची घडी घालून, खाली सगळ्या भावकीचे गॉगल लावलेले फोटो, त्यात दोघं तर मागच्या वर्षी वारलेले. मांडवात एलईडीचा पडदा, आमच्या घराच्या भिंतीपेक्षा मोठा. दादा आला, फेटा बांधला, शाल, नारळ. बोलायला उठला. "सो, ॲक्च्युअली, ही माती माझी फर्स्ट स्क्रीन होती." टाळ्या! कुणाला कळलं काय? टाळ्या! "आज या मातीतला आमचा नंबर एकचा व्हिडिओ तुम्हाला दाखवतो."

पडद्यावर माझी आई. केवढी मोठी! तोंड सरकतंय, वाण पडतंय, नव... नव... नव... आणि मांडव हसतोय. सगळी भावकी. पहिल्या रांगेत आई, एका हातावर ओवाळणीचं ताट, दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतेय.

मला वाटलं, आता तरी दादा ओशाळेल. अहो, तो उलट खुलला! "ही माझी काकू! काकू, तुम्ही स्टार आहात! लाइव्ह चालू आहे, लाखो लोक बघतायत. वर या, एकदाच म्हणा. सेम तसंच." आप्पा माईकवर, "कस्तुरा, म्हण की! पोराचा मान राख." आत्या म्हणाली, "वहिनी, लाजताय काय, मी धरते ना मोबाईल!"

आणि आई उठली! खरंच उठली हो! थोरल्यांनी सांगितलं ना. पदर बाजूला केला, वर गेली, वाकडं तोंड सगळ्यांना दिसलं, आणि माईकपुढं प्रयत्न करायला लागली, "कंप... कंप... कं..." मांडव पुन्हा हसायला लागला.

मी वर चढले, माईक घेतला आणि म्हटलं, "नाही. ती म्हणणार नाही. तो उखाणा नव्हता, तो झटका होता. तिचा मेंदू बंद पडत होता आणि तुम्ही वन्स मोअर म्हणत होता. दादा, व्हिडिओ तू आत्ता, इथं, तुझ्या फोनवरून काढायचास. तोवर हिच्या हातचं ओवाळणं नाही, माझ्या घरचं पाणी नाही, आणि आप्पा, तुम्ही सांगितलंत तरी नाही!" आईच्या हातातलं ताट घेतलं आणि खाली ठेवलं.

सगळे गप्प. आप्पा गप्प, आत्या गप्प, बाबा तर आधीपासूनच गप्प. एकाही वडीलधाऱ्याच्या तोंडातून शब्द नाही. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं! मला वाटलं, चला, लाजले एकदाचे...

कसले लाजतात हो? सगळ्यांचे मोबाईल वर होते, माझ्यावर रोखलेले. मध्ये बोललं तर आपलाच आवाज येऊन व्हिडिओ बिघडतो ना!