सतरा खोकले

इस्पितळात माझ्या शेजारच्या बाकावर आजोबा आणि नात लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते.

“ह्या निळ्या डोंगररांगा कसल्या गं?”

“तुमचा आवाज, आजोबा. जुनं प्रवचन, गाण्यांसकट.”

“अरे वा! आणि ही सरकणारी रेघ?”

“आपण कुठे ऐकतोय, ते दाखवते. हे भिंग दाबलं की डोंगर मोठे होतात.”

“मग हा एकटा सुळका?”

“खोकला. प्रत्येक गाण्याआधी खोकलाय तुम्ही! सतरा कापले, हा शेवटचा राहिलाय.”

“कापलेस? अगं, तो पेटीवाल्याला इशारा असायचा!”

“आत झोपलेत, त्या आजोबांना?”

“त्यालाच. ऐकून बोटं हलवेल, म्हणून तर आलोय. खोकल्याशिवाय तो पेटीला हात लावत नाही.”

“थांबा. हा उलटा बाण दाबा.”

“आला की परत!”

“दाबत राहा. नर्सबाईंनी हाक मारायच्या आत अजून सोळा आणायचेत.”