वेल्डरची प्रार्थना

बसच्या रांगेत नर्सच्या पुढे एक वेल्डर आणि त्याची वहिनी उभी होती. नर्सला कान द्यायचा नव्हता, पण वहिनींचा आवाजच खणखणीत.

“भाऊजी, मी तापामुळे चर्चला आले नाही आणि तुम्ही म्हणे तिथे सगळ्यांपुढे प्रार्थना केलीत?”

“कसली प्रार्थना, वहिनी. मी तर आता पुन्हा यायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो. बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं, तरी पाहुण्यासारखंच वाटायचं.”

“मला बोलला नाहीत कधी.”

“काय बोलणार? त्यात पाळकसाहेब म्हणाले, आज प्रार्थना तुम्ही करा. उभा राहिलो आणि दातखीळच बसली.”

“अगं बाई. मग?”

“मग म्हटलं, देवा, मला बोलता येत नाही, पण मला या माणसांत राहायचंय. एवढं बोलून बसलो खाली.”

“आणि मंडळी?”

“सगळी एका सुरात म्हणाली, आमेन.”

नर्सची बस येऊन गेली, पण तिचं लक्षच नव्हतं.

“वहिनी, आता गायनसंघात बोलावलंय मला.”

“तुम्हाला? या आवाजात?”

“मीही तेच म्हटलं, आवाज फाटका आहे माझा. तर म्हणतात, असू दे, आम्ही एवढे जण आहोत ना झाकून घ्यायला.”