व्हॅक्यूमच्या नळीतला छर्रा

मी मूळचा पोलादपूरच्या वरच्या वाडीतला. शाळेत दोन दिवस गेलो, तिसऱ्या दिवशी मास्तरच घरी आले न् बापाला म्हणाले, ह्याला नका पाठवू, बाकीची पोरंपण बिघडतील. हसू नका ताई, खरंच. मंग बापानं महाडला एका शेठकडं ठेवला, नटबोल्ट पुसायला. पुसता पुसता फिटर झालो, म्हणजे लोक म्हणायला लागले न् मी मानून घेतलं.

शेठ मुसलमान, माणूस लाख, पण हाक मारली की माझ्या हातातला पाना खाली पडायचा. त्यांची एक जुनी पेट्रोलवरची ट्रक होती, पुढं लांब नाकाड आलेली, आन् तिच्यावर धोंडूदादा ड्रायव्हर, आमच्याच वाडीतला. मला आपल्या डब्यातली भाकरी द्यायचा.

आता तुम्हाला सांगतो, इंजिनात ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असतो, त्याला एक पत्र्याची डबी असते, तिला व्हॅक्यूम म्हणतात. आत रबराचा पडदा. इंजिन नळीतनं हवा ओढतं, पडदा हलतो, ठिणगी जराशी आधी पडते, बस. पण सपाटीला गाडी पेट्रोल किती पिणार ते त्या डबीवर. तर तो पडदा फाटला. शेठनी मला मुंबईला पाठवलं, नवी डबी आण. आणली. एस.टी.त डबी पिशवीत, पिशवी बाकड्यावर, आन् पिशवीवर कोण? मी! वडखळला झोपलो तो महाडला उठलो. तवा माझं वजन आताच्या निम्मं, तरी डबी पापडासारखी.

काय करणार? शेठचा आवाज कानात. ठोकून ठोकून डबी जरा फुगवली, बसवली, आन् ती हवा सोडत होती म्हणून नळीत सायकलचा छर्रा सारून दिला. बाहेरनं बघाल तर नवी नवरी, आतनं नळी बंद, डबी नुसती शोभेला. गाडी झक्क सुरू झाली. शेठ म्हणाले, हात सोन्याचा हाय रे तुझा.

पण पेट्रोल जास्तच जात राहिलं. शेठ म्हणाले, नवा व्हॅक्यूम लावलाय, पेट्रोल जातंय कुठं? मला बोलावलं, धोंडूदादा समोर उभा, विचारलं, मशीनमध्ये काय हाय का रे? मी म्हटलं, मशीन ओके शेठ. एवढंच म्हटलं. धोंडूदादा माझ्याकडं बघत होता, मी पान्याकडं. त्याच दिवशी त्याला काढला. पेट्रोल विकतो म्हणून. महाडपासून पोलादपूरपर्यंत कुणी गाडीवर घेतला नाय, पोरं मागनं पेट्रोल्या पेट्रोल्या ओरडायची, आन् तो जन्मभर बाजारात गोणी उचलत राहिला. आन् मी? मी गावभर जोक सांगत फिरलो.

आता शेठ गेले. त्यांचा नातू सौदीवरनं आलाय, त्याला हौस, पुरात दोनदा बुडालेली ती गाडी दासगावच्या शेडमधनं काढली, नवी डबी मागवली न् म्हणाला, चाचा, तुम्हीच लावा. नवीला तोंड लावून हवा ओढली, जिभेला अशी चिकटली, म्हणजे पडदा धड, मस्त. मंग जुनी नळी उपटली, तर छर्रा हातावर. गंजलेला. नातू म्हणाला, हे काय? मी म्हटलं, पुरात आला असंल. पुरात! लोखंडाचा छर्रा, पोहत पोहत! तो हसला न् म्हणाला, दादा, म्हणजे त्याचे आजोबा, आमचे शेठ, सांगायचे, ह्या गाडीचा ड्रायव्हर पेट्रोल विकायचा. तिथंच टायरवर बसून पोराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, चाचा, हे मला सांगून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी छर्रा न् जुनी डबी घेऊन पोलादपूरला गेलो. धोंडूदादा पडवीत, डोळ्यानं अधू. पाय धरले, सगळं सांगितलं, एस.टी.पासून छर्ऱ्यापर्यंत. तो हसायलाच लागला. सुनेला हाक मारतो, गो, चहा टाक, ह्यानं बघ नवीन गोष्ट बनवून आणलीय. मी म्हटलं, दादा, आईशप्पथ, गोष्ट नाय. छर्रा त्याच्या हातात दिला. त्यानं चाचपला, परत दिला. म्हणतो, तू चांगला हायस रे, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगतोस. पण एवढी माणसं म्हणत होती तर काढलं असंल मीच पेट्रोल. आता काय ध्यानात ऱ्हातंय?

ताई, मी जन्मभर खोटं सांगितलं, सगळ्यांना पटलं. एक खरं सांगितलं, ते गेलं जोकमध्ये.

गाडी आता चांगली पळते. मी दर बाजाराला पोलादपूरला जातो, पडवीत बसतो न् परत पहिल्यापासून सांगतो. तो हसतो. शेठचा नातू म्हणालाय, पुढच्या बाजाराला मीपण येतो, माझ्या दादांच्या वतीनं बोलतो. पोराचं तरी पटंल. तोवर देवानं म्हाताऱ्याला ठेवावा, दुसरं काय मागत नाय मी.