कच्चं लायसन अन् मध्यप्रदेशची हद्द

आमचे हे मले गाडी शिकवून राहिले होते, तवाचं सांगते. माझं लायसन कच्चं, तरी परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्यानं मीच चालवत होती. मध्यप्रदेशची हद्द आली, तं हे म्हणे, "उतर. तुझं कच्चं लायसन तिकडं चालत नाही." अन् स्वतः बसले स्टेअरिंगवर.

नाक्यावर पोलिसानं दोघांचेही लायसन पाह्यले. "मॅडम का लर्निंग पूरे देश में चलता है. बस बगल में पक्के लायसनवाला चाहिए. आपका तो दो साल पहले खतम हो गया."

आता चालवणार कोण? माझ्या लहान भावाले परतवाड्याहून बोलावलं. तो येईपर्यंत उन्हात उभे.

तो आला, तं हे त्याले म्हणतात, "हिचं लायसन कच्चं ना, म्हणून अटकलो."

भाऊ मले म्हणे, "ताई, पक्कं झाल्याबिगर कावून चालवली वं गाडी?"