दुबई का शांघाय

लाज वाटती, पण सांगतो. बाबा जालन्यात सळईच्या कारखान्यात भट्टीवर होते. एकदा आम्ही दोस्त मोबाईलवर उंच उंच बिल्डिंगांचे फोटो बघत, दुबई भारी का शांघाय, यावर भांडून राह्यल्तो. बाबांनी वाकून बघितलं. "यात आपली सळई असंल का रे?"

मी सगळ्यांसमोर हसलो. "तुमची सळई परतूरच्या पुढं तरी गेली का? दिसती का यात कुठं?"

"सळई दिसली म्हंजी बिल्डिंग पडायला आली समज," म्हनले अन् ड्युटीवर गेले.

परवा पुण्यात माझ्या साईटवर, तिसाव्या मजल्याच्या सळईवर त्यांच्याच कारखान्याचा शिक्का दिसला. फोटो काढून तडक घरी आलो. "बाबा, बघा, तुमची सळई!" भट्टीच्या झळांनी त्यांची नजर गेल्ती, ते ध्यानातच राह्यलं न्हाई.

मोबाईल चाचपत बाबा म्हनले, "बोल, दुबई का शांघाय?"